सहीवर सही

पौड, ता. मुळशी

आईच्या मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली, ग्रामसेवकांनी दाखलाही दिला. पण ताईला तो कॅनडातल्या बँकेत द्यायचाय, तिथे गावचा शिक्का कोण ओळखणार? म्हणून आधी मुंबईत गृह विभागाने ग्रामसेवकांची सही खरी म्हणायची, मग परराष्ट्र मंत्रालयाने गृह विभागाची. आई गेली याची खात्री यात कुणीच करत नाही; जो तो फक्त खालच्याची सही ओळखतो! भारत २००५ पासून एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याच्या अपोस्टिल करारात आहे, कॅनडा आला थेट जानेवारी २०२४ मध्ये. आता वकिलातीची वेगळी पायरी नाही, एवढं बरं.

ताईने फोनवर बजावलं, "दाखला लॅमिनेट करू नकोस, मागे अपोस्टिलचा स्टिकर लागतो." आईने तर रेशनकार्डसुद्धा लॅमिनेट करून ठेवलंय.