दाराचा पॅड

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरला लाथ मारून बघतो, बॉनेट उघडून जाणत्यासारखी मान डोलावतो. दाराच्या पॅडकडे तो ढुंकून बघत नाही. पुढे वर्षानुवर्षं मात्र कोपर टेकतं ते पॅडच्याच अंगावर. पोरांचे चिकट हात, उसाच्या फडातून आलेल्या चपलांचा चिखल, दार लावताना मारलेला गुडघा, सगळं तो निमूट सोसतो. कुरकुर करतं ते दार, आणि शिव्या खातात बिजागऱ्या.

इथे बोलतोय तो प्रीमियर पद्मिनीच्या पॅडबद्दल, आणि इंदापूर तालुक्यात पद्मिनीला परकं म्हणता येत नाही. इथल्याच कळंबच्या माळावर 1930च्या दशकात साखर कारखाना उभारून ज्यांनी वालचंदनगर वसवलं, त्याच वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ जुळल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. डुक्कर फियाट आली, तिच्यामागून सुधारून वाढवून 1974 पासून पद्मिनी. शेठजी 1953 सालीच गेले, त्यामुळे हे नाव त्यांच्या कानी पडलं नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरअखेर उतरली. हौसेनं सांभाळणाऱ्यांकडे ती अजून आहे.

तिच्या पॅडची कुंडली साधी. हार्डबोर्डचा एक तुकडा, वर पातळ गादी, त्यावर रेक्झिन, कडा मागे दुमडून चिकटवलेल्या. सगळं जुळलेलं, म्हणून सगळं सुटणारं. आजच्या गाडीचा पॅड साच्यातून आलेला असतो आणि त्यावरची कापडाची पट्टी मागून प्लॅस्टिकची बोंडं वितळवून बसवलेली असते. ती बदलायची तर बोंडं छाटा, मग पुन्हा बसवायला काहीतरी शोधा. नव्याला हात लावू देणं ठाऊक नाही. जुना पॅड त्या मानानं माणसाळलेला.

तरी त्याला दारावरून उतरवायचा एक रिवाज आहे. आधी काचेचं हँडल. त्याच्या मुळाशी गाडीप्रमाणे पिन किंवा तारेची क्लिप दडलेली असते. मारुती 800ची क्लिप काढताना गॅरेजमधली पोरं हँडलमागे फडकं सरकवतात आणि दोन्ही टोकं धरून घासल्यासारखं पुढेमागे ओढतात. क्लिप टण्णकन उडते आणि हमखास हरवते, म्हणून खाली आधी चादर अंथरावी. मग हात टेकायच्या दांडीचे स्क्रू, आणि शेवटी कडेनं एकेक क्लिप. इथे पेचकसानं हिसका दिला की हार्डबोर्डचं भोक फाटतं. बोटांनी, क्लिपच्या अगदी जवळून, हळू.

पॅड उलटा केला की त्याचं खरं चरित्र वाचता येतं. पुढून रेक्झिन चकचकीत आणि मागे खालची कड फुगलेली, पापुद्रे सुटलेले, पाण्याच्या तपकिरी रेषा एकीवर एक. काचेवरचं पावसाचं पाणी फटीतून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, अशी मूळ योजना. आपल्याकडे त्या भोकांत धूळ बसते, गळीत हंगामात कारखान्याची काजळी बसते, आणि पाणी तुंबतं. पत्रा आणि पॅड यांच्यामधला प्लॅस्टिकचा कागद कुणा वायरमननं कधीतरी फाडलेला असतो. मग ओल थेट हार्डबोर्डला. लोक म्हणतात कापड खराब निघालं. कापडाचा यात काडीचा दोष नसतो.

फुगलेला बोर्ड पुन्हा चापून बसत नाही. जुना ठेवून नव्यावर पेन्सिल फिरवावी, भोकं तिथल्या तिथे पाडावीत. कापड निवडताना मात्र घरात मतभेद होतात. सोफ्याचं भरजरी कापड सगळ्यांना आवडतं आणि खिडकीच्या उन्हात ते लवकर विटतं. पातळ कापडातून चिकटवायचं सोल्यूशन वर झिरपून डाग पडतात. मागे फोम लावलेलं, थोडं ताणलं जाणारं कापड बरं. लाकडाला लावतात ते पांढरं फेविकॉल इथे उपयोगाचं नाही. कुशनवाले वापरतात ते पिवळसर रबरी सोल्यूशन दोन्ही अंगांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच कापड टेकवायचं. हे थांबणं कुणाला जमत नाही. ओल्यावरच चिकटवलं की मे महिन्यात, उजनीच्या काठाला बंद उभ्या केलेल्या गाडीत, कापड पोळीसारखं फुगतं.

मधून कडेकडे हात फिरवत जावं, कोपऱ्यावर दुमड जाड होऊ नये म्हणून मागच्या बाजूनं त्रिकोणी चिरे द्यावेत. हँडलचं भोक सगळ्यात शेवटी, आणि लहानसंच. इथे शिवणकामाचा हात कामी येतो. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये कितीतरी बायका दिवसभर कपडे शिवतात. कापडाचा ताण कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. अशी शिवणारी बाई असलेल्या घरात हे काम पुरुषांनी फक्त स्क्रू काढण्यापुरतं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच बारामतीत पियाजिओची तीनचाकीही बनते. प्रवासी रिक्षाला सहसा दारच नसतं, त्यामुळे तिथे हा सगळा संसारच नाही.

तेव्हा कापड कुठलंही घ्या, रंग घरच्यांना ठरवू द्या. फक्त पॅड परत ठोकण्याआधी दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा, तांब्याभर पाणी काचेवरून सोडून ते खालून बाहेर येतंय ना ते बघा, आणि दार वाळलं की प्लॅस्टिकचा कागद नवा लावा.