चुकलेला छर्राही मोजा

रायफलची अचूकता तपासायला बसलेला माणूस पुष्कळदा रायफल तपासत नसतो, आपल्याला हवे ते उत्तर शोधत असतो. मी बराच काळ तेच केले. विट्यात आता कुणी नव्याने एअर रायफल हातात घेत असेल, तर त्याचा वेळ आणि पैसा त्याच वाटेने जाऊ नये, म्हणून माझ्या चुका सांगतो.

शिकारीचा काळ संपला आहे. आमच्या माळावरच्या सशा-तितरांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले, आणि ते योग्यच झाले. आता नेम धरायचा तो कागदावर. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने हा खेळ कुठवर नेला ते आपण पाहिले आहे. तेजस्विनी सावंत 2010मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे ब्राँझ जिंकले. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका 0.5 मिलिमीटरचा असतो आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. एवढ्या बारकाव्याच्या खेळात तपासणी ढिली असून चालत नाही. माझी ढिली होती.

माझी रायफल स्प्रिंगची, नळी वाकवून छर्रा भरायची. पहिली चूक तेलाची. साफसफाई करताना मी नळीत सढळ हाताने तेल सोडले. घोडा ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, दाबलेली हवा तापते आणि आत गेलेले तेल पेटते. धूर येतो, जळका वास येतो, एक छर्रा जोरात जातो, दुसरा मंद. मी तो धूर ताकदीची खूण समजलो. छर्रे वरखाली का पडतात, याचे उत्तर नाकाला कळत होते, मी ऐकत नव्हतो.

दुसरी चूक टेकूची. लाकडी ठोकळ्यावर रायफल घट्ट दाबली की ती स्थिर राहील, असे मी धरून चाललो. पण स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच दट्ट्याचा धक्का रायफलीला हलवतो. कठीण लाकडावर ती उसळते आणि पकड जराशी बदलली तरी छर्रा भलतीकडे जातो. उघड्या तळहातावर, दर वेळी त्याच जागी, सैल ठेवली तेव्हा ग्रुप, म्हणजे कागदावरचा छर्ऱ्यांचा पुंजका, आवळला. तोवर मी साइटशी खेळत होतो. एक छर्रा डावीकडे पडला की साइट उजवीकडे, पुढचा उजवीकडे पडला की पुन्हा डावीकडे. एकट्या छर्ऱ्यावरून झिरो, म्हणजे साइटची नेमकी जुळणी, ठरत नाही. आधी ग्रुप पाडायचा, त्याचा मध्य काढायचा, मग स्क्रूला हात लावायचा.

तिसरी चूक मला अजून टोचते. आमचा खानापूर तालुका गलाईवाल्यांचा. सोने-चांदी गाळायला इथली माणसे देशभर पांगली. आमच्या घरीही मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे छर्रे मी त्यावर तोलून वेगळे केले. त्याच संध्याकाळी छर्ऱ्यांचा डबा बदलला आणि दस्त्याचे स्क्रूही आवळले. ग्रुप लहान झाला. सगळे श्रेय मी काट्याला दिले आणि तसे इतरांना सांगतही सुटलो. पुढे एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली, तेव्हा खरा फरक स्क्रूंचा निघाला. स्प्रिंगच्या धक्क्यांनी ते सैल होतात आणि वरून काहीच कळत नाही. तोलण्याने माझ्या रायफलीत दिसण्यासारखा फरक पडला नाही. त्यापेक्षा मागची कड चेपलेले छर्रे बाजूला काढणे जास्त उपयोगी ठरले.

जिवावर बेतू शकणारी चूकही केली. टार्गेटमागे सपाट लोखंडी पत्रा उभा केला होता. त्यावरून छर्रा उलटून माझ्या अंगावर आला. आता मागे छर्रे अडकवणारी पेटी, डोळ्यांवर चष्मा, आणि छर्रे शिशाचे असल्याने नंतर साबणाने हात धुणे, यात सूट नाही.

पण सगळ्यांत मोठी चूक वहीतली. तीन छर्रे एकमेकांना चिकटून पडले की ते रायफलीचे यश. चौथा दूर गेला की तो माझा हात हलल्याचा, म्हणून मोजायचा नाही. असे निवडक कागद मी जपून ठेवले आणि लोकांना दाखवले. तीन छर्ऱ्यांचा ग्रुप योगायोगानेही लहान पडतो. छर्रे वाढवा, तो रुंदावतोच. दूर गेलेले छर्रे वगळून मी रायफलीची नव्हे, माझ्या इच्छेची नोंद ठेवत होतो. स्पर्धेत 60 फैरी असतात आणि त्यातली एकही वगळता येत नाही.

म्हणून नव्या नेमबाजांना माझे सांगणे आहे: तपासणीआधी सगळे स्क्रू पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दहा-दहा छर्ऱ्यांचे ग्रुप वेगवेगळ्या दिवशी पाडा. लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून 4.5 मिलिमीटर वजा करा, तो तुमचा ग्रुप. कागदावर तारीख आणि छर्ऱ्याचा लॉट लिहा. खराब कागद फाडू नका. रायफल सुधारायची असेल तर तिच्यातली खोट त्याच कागदावर सापडेल.