पुरवून घेतलेलं पाणी

आमच्यासारख्या सीमाभागातल्या घरांत एका गोष्टीला दोन नावं असणं नवीन नाही. माझं माहेर गोकाककडचं, घरात कन्नड. सासर बेळगावात शहापूरला, घरात मराठी. त्यामुळे 'शाश्वत विकास' असं काही वाचलं की मन लगेच त्याचा कन्नड जोडीदार शोधू लागतं. तिथे 'सुस्थिर अभिवृद्धी' सापडते. दोन्ही शब्द भारदस्त, सभेत शोभणारे. पण स्वयंपाकघरात असं कोण बोलतं?

माझी अव्वा बाजारात पातेलं घेताना ते बोटांनी वाजवून दुकानदाराला विचारायची, "बाळिके बरतदेनु?" म्हणजे, हे टिकेल ना, वर्षानुवर्षं कामाला येईल ना? कन्नडात 'बाळु' म्हणजे जगणं, आयुष्य. वस्तूच्या टिकण्यातही जगणं आलं. सासूबाईंचा शब्द होता 'पुरवून'. तेल पुरवून वापर, सरपण पुरवून जाळ, पाणी पुरवून घे. माझ्या मते शाश्वत विकासाचा अर्थ या दोन बायकांच्या बोलण्यात पुरता आला आहे.

नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने १९८७ साली हेच जगाला सांगितलं. आजच्या माणसांनी आपल्या गरजा जरूर भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत अशा रीतीने नव्हे. २०१५ साली याच विचारावर १७ उद्दिष्टं ठरली आणि ती गाठायला २०३० ची मुदत घालून घेतली गेली. आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आहेच, आणि कन्नडात अगदी तशीच, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. प्रश्न एवढाच, की अंथरूण सगळ्यांत मिळून एकच असलं तर कुणी किती पाय पसरायचे?

हा प्रश्न मला आमच्या परसातल्या आडाने शिकवला.

आड जुना, चाळीसेक फूट खोल, वर दगडी कठडा आणि राहाट. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात अकरा माणसं होती. नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं आडावर. सासूबाईंचे नियम ठरलेले. चैत्र-वैशाखात कपडे सकाळीच धुवायचे, दिवेलागणीनंतर पोहरा टाकायचा नाही. "आडालाही रात्रीचं निजू दे," म्हणायच्या. नव्या सुनेला ती जुनी समजूत वाटली, पण त्यामागे हिशेब होता. झऱ्यातून पाणी सावकाश येतं. दिवसभर उपसलेलं रात्रीत भरून निघालं तरच दुसऱ्या दिवशी पोहरा भरून वर येतो. दरवर्षी पावसाळ्याआधी माणसं उतरवून गाळ काढला जाई. तो खर्च त्या कधी टाळत नसत. घ्यायचं तेवढं जपायचंही, हा त्यांचा व्यवहार.

मग गल्लीत बोअर आल्या. एकाने मारली, मग दुसऱ्याने. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. नळाला रोज पाणी नाही, घरात भाडेकरू. माणूस काय करणार? पण आड आणि बोअर यांचं पाणी अगदी सवतं नसतं. आपल्याकडे वर लाल माती आणि जांभा, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी वरच्या थरात मुरतं, त्यावर आड जगतो. त्यातलंच काही कातळाच्या भेगांतून फार सावकाश खाली उतरतं, ते बोअर ओढते. खालून पंप चालू राहिला की वरचंही खाली सरकतं. आमच्या आडाचा तळ एप्रिलमध्येच दिसू लागला. आम्ही पूर्वीइतकंच, किंबहुना कमीच उपसत होतो. एका घरानं कितीही पुरवून वापरलं तरी साठा गल्लीचा होता.

त्यातच घराची दुरुस्ती निघाली आणि धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता हा आड बुजवूया. गाडी उभी करायला जागा होईल." त्यांचंही चूक नव्हतं. गाडी रस्त्यावर उभी, रोज कुणाशी तरी वाद. आडात डास, घरात लहान मूल, आणि उन्हाळ्यात पाणी नाहीच. महिनाभर घरात तोच विषय. जेवताना बोलणं तुटायचं. बुजवायला एक दिवस पुरतो, पण तसा आड पुन्हा खणायला आज माणसं तरी कुठून आणणार, एवढंच मी म्हणत राहिले.

शेवटी कागद-पेन्सिल कामाला आली. आमचं छप्पर साधारण हजार चौरस फुटांचं. बेळगावात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजारच धरला तरी छपरावर सुमारे ९३ हजार लिटर पाणी पडतं. थोडं उडालं, वाहिलं असं धरलं तरी सत्तर हजार हाती लागावं. ते सगळं आम्ही गटारात सोडत होतो आणि उन्हाळ्यात टँकर मागवत होतो. हा आकडा पाहून भाऊजीच गप्प झाले. पन्हळीचं पाणी नळीने एका टाकीत घेतलं, टाकीत खडी, कोळसा, वाळू यांचे थर दिले आणि तिथून आडात सोडलं. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, छप्पर धुऊन निघतं. आडावर लोखंडी जाळी बसली, डासांसाठी बारीक जाळी. गाडी अर्धी अंगणात, अर्धी फाटकाबाहेर राहते. भाऊजी अजून कुरकुरतात, पण पन्हळ साफ करायला जूनआधी तेच शिडी लावतात.

आता मे महिन्यातही आडात हातभर पाणी असतं. पिण्यासाठी नव्हे, पण धुणं, झाडं, संडास एवढं निभतं. आमच्या आडाने गल्लीचा प्रश्न सुटला, असं मात्र नाही. समोरच्या दोन घरांनी छपराचं पाणी जमिनीत सोडलं, बाकीच्यांचं गटारातच जातं. जमिनीखालचं पाणी उपसण्यात भारत जगात पहिला आहे. आमच्या गल्लीत जे घडलं तेच जिल्ह्यात, राज्यात, देशात घडतं आहे. जंगल, नदीतले मासे, हवा यांचंही तसंच. प्रत्येकाची गरज खरी, आणि साठा सामाईक.

आपल्या शहराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या माणसांसाठी टिळकवाडीत मोठी विहीर खणली गेली. अधिवेशन संपलं, मांडव निघाले, विहीर राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची शताब्दी झाली, विहीर अजून आहे. पुढे शहरात टंचाई आली तेव्हा अशाच जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या वापरात आणाव्या लागल्या. खणणाऱ्यांना आपली नावं माहीत नव्हती, तरी पाणी आपल्याला मिळालं.

तुमच्याही परसात फरशीखाली झाकलेला एखादा आड असेल. या उन्हाळ्यात जाणत्या माणसाकडून तो उघडून बघा. एकट्याने बघू नका, शेजाऱ्यांनाही बोलवा. पाणी त्यांचंही आहे.