गोळी घेतलीस का?

दर वीकांताला ठरवतो की या वेळी हापिसातल्या गमतीजमतींवर लिहायचं, आणि दर वेळी गाडी घसरत घसरत टीव्हीवर येते. आजही तेच. मालिका तशी जुनी आहे, 'होमलँड'. २ ऑक्टोबर २०११ ला सुरू झाली, २६ एप्रिल २०२० ला संपली. आठ सीझन, प्रत्येकी बारा भाग, म्हणजे एकूण ९६. बघितली नसेल आणि बघायची इच्छा असेल तर इथेच थांबा. पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत, मग शिव्या घालू नका. :)

नावसुद्धा ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरी मॅथिसन (क्लेअर डेन्स) ही सीआयएची अधिकारी. आठ वर्षं अल कायदाच्या कैदेत असलेला ब्रोडी नावाचा मरीन सुटून अमेरिकेत परत येतो. सगळा देश त्याला डोक्यावर घेतो, आणि एकट्या कॅरीला वाटतं की हा फितलाय. त्यात कॅरीला बायपोलर डिसऑर्डर आहे आणि ते तिने ऑफिसपासून लपवून ठेवलंय. औषधं ॲस्पिरिनच्या बाटलीत ठेवते. डॉक्टर असलेली सख्खी बहीण ती तिला गुपचूप आणून देते. मूळ कल्पना गिडियन राफच्या इस्रायली मालिकेची, अमेरिकन अवतार हॉवर्ड गॉर्डन आणि ॲलेक्स गान्सा यांचा. दोघंही आधी '२४' वर काम केलेले.

मी पहिला सीझन बघितला २०१३ मध्ये. तेव्हा ऑनसाइटला न्यू जर्सीत होतो. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं, एक टीव्ही, एक कुकर, आणि मालिकेबद्दल तीन मतं. एकाचं म्हणणं, "काय सारखी रडते यार! अशा बाईला सीआयए नोकरीवर ठेवेल तरी का?" तिची ती थरथरणारी हनुवटी तेव्हा इतकी गाजली होती की नोव्हेंबर २०१२ मध्ये 'सॅटर्डे नाईट लाइव्ह'मध्ये ॲन हॅथवेने तिची नक्कल केली होती. दुसऱ्याचं मत बरोबर उलटं: "अरे, तिचा आजार हीच तिची ताकद आहे. गोळ्या सोडल्या की तिला सगळं दिसायला लागतं." मी या दुसऱ्या पार्टीत होतो. म्हटलं तर कॅरीचा फॅनच. २०१२ चं एमी मालिकेला, क्लेअर डेन्सला आणि ब्रोडी झालेल्या डेमियन लुईसला मिळालं होतं, ते मी पुरावा म्हणून दर वादात फेकायचो.

नंतर लग्न झालं, बायकोबरोबर पुन्हा पहिल्यापासून बघितली. तिने तिसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवलं. "'२४' मधला जॅक बाउअर आठ आठ तास किंचाळत लोकांना मारतो, त्याला कुणी इमोशनल म्हणत नाही. डॉक्टर हाउस डबीभर गोळ्या खातो, सगळ्यांचे अपमान करतो, तो जीनियस. ही जरा रडली तर अनप्रोफेशनल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

न आवडणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मात्र नाही. तिसऱ्या सीझनमध्ये ब्रोडीला तेहरानमध्ये फाशी झाल्यावर पुष्कळ लोकांसाठी मालिका तिथेच संपली. चौथा सीझन इस्लामाबादेत घडतो पण शूटिंग केपटाउनला, आणि त्यातला पाकिस्तान बघून पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतले. पाचवा बर्लिनमध्ये. तिथे निर्वासित छावणीच्या सेटवर अरबी घोषणा रंगवायला कलाकार बोलावले, तर त्यांनी भिंतीवर चक्क 'होमलँड वर्णद्वेषी आहे' असं अरबीत लिहून ठेवलं. कुणीच ते तपासून न पाहिल्यामुळे ते २०१५ मध्ये तसंच टीव्हीवर गेलं! अरबांवर मालिका काढणाऱ्यांची याहून चांगली परीक्षा कुणी घेतली नसेल.

असो. आता मूळ मुद्दा.

माझी एक मावसबहीण आहे, सांगलीला. माझ्याहून बरीच मोठी, मी तिला नुसतं ताई म्हणतो. एका सीएंकडे ऑडिटचं काम करते. तिलाही बायपोलर आहे. (हे लिहायच्या आधी तिला विचारलंय. "नाव नको लिहूस, बाकी लिही" म्हणाली.)

२०१६ ची गोष्ट. शनिवार होता, आमचा रिलीज होता, आणि ताईचे सकाळपासून सहा फोन येऊन गेले. शेवटी वैतागून उचलला. ती भराभरा बोलत होती. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कुणा ओळखीच्या गुंतवणूकवाल्याला कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्यात, पासबुकातल्या नोंदी जुळत नाहीत, पावत्यांचे नंबर उलटसुलट आहेत, तू काकांशी बोल, तुझं ते ऐकतील. एका वाक्यात चार वाक्यं. मी मध्येच तोडून विचारलं, "ताई, गोळी घेतलीस का?"

दोन-तीन सेकंद काहीच आवाज नाही. मग "घेतली" म्हणाली आणि फोन ठेवला.

मावशीला मी फोन केला, पण चेकबद्दल नाही. ताईकडे लक्ष दे म्हणून. आणि माझा अंदाज बरोबर निघाला. तीन रात्री ती झोपलीच नव्हती. पंधरा दिवसांनी तिला मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं, अठरा दिवस. घरात सगळे म्हणाले, बरं झालं वेळेवर लक्षात आलं. मीही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाच महिन्यांनी त्या गुंतवणूकवाल्याचा फोन बंद झाला. काकांचे ४ लाख २० हजार गेले. ताईने सांगितलेली एकूण एक नोंद खरी होती.

म्हणजे त्या शनिवारी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ताई आजारी होती आणि ताई बरोबर होती. मला त्यातली एकच ऐकू आली. रोज बग ट्रॅकरवर बसणाऱ्या माणसाला खरं तर हे कळायला हवं होतं. रिपोर्ट करणारा कितीही कटकट्या असला, दिवसात सहा मेल टाकत असला, म्हणून बग खोटा ठरत नाही. आधी तो रिप्रोड्यूस करून बघायचा असतो. मी ताईचं तिकीट न वाचताच क्लोज केलं होतं.

याबद्दल मी तिची माफी मागितली का? नाही. मी काय केलं, तर दुसऱ्या वर्षी दिवाळीला तिला 'होमलँड' बघ म्हणून सुचवलं. हिरॉइन बायपोलर, त्यात जीनियस, ताईला बरं वाटेल असा माझा थोर विचार. :(

महिन्याभराने तिचा फोन आला. "बघितला रे एक सीझन. ती बाई काम छान करते. पण गोळ्या सोडल्यावर हुशार होते हे खोटं आहे. मला तेव्हा मी हुशार झालेय असं नुसतं वाटतं." मी गप्प. मग म्हणाली, "आणि तुला एक सांगू? बाबांचा तो घोळ मी आजारामुळे नाही पकडला. मी बावीस वर्षं ऑडिट करते म्हणून पकडला."

माझी न्यू जर्सीतली 'आजार हीच ताकद' पार्टी तिथल्या तिथे बरखास्त झाली. कॅरीला वेडी म्हणणारे आणि कॅरीला आजारामुळे जीनियस म्हणणारे, दोघंही एकच चूक करत होते. दोघांनाही तिचं काम दिसत नव्हतं, फक्त आजार दिसत होता. आणि मालिकाही पुढे पुढे याच मोहात पडते. पाचव्या सीझनमध्ये कॅरी मुद्दाम गोळ्या बंद करते, का तर डोकं चालावं म्हणून! त्यापेक्षा चौथा मला जास्त प्रामाणिक वाटला. तिथे तिच्या गोळ्या कुणीतरी बदलून ठेवतं, आणि ते घडवून आणणारी आयएसआयची तस्नीम म्हणजे आपली निम्रत कौर. गोळी गेली की कॅरीची अक्कल वाढत नाही, ती रस्त्यावर भरकटते.

ताईला आवडलेला प्रसंग एकच. पहिल्या सीझनचा अकरावा भाग. कॅरी हॉस्पिटलमध्ये आहे, हिरवं पेन पाहिजे म्हणून हट्ट करतेय, कागदांवर रंगीत खुणा करत सुटलीय. कुणालाही वाटेल, गेली कामातून. तिचा बॉस सॉल तिला घरी आणतो. तिच्या आजाराचं त्याला तेव्हाच कळलेलं असतं. आणि तो रात्री बसून ते सगळे कागद रंगांप्रमाणे भिंतीवर लावतो. सकाळी तिथे अतिरेक्यांच्या म्होरक्याच्या हालचालींची अख्खी टाइमलाइन उभी असते, आणि तिच्यात एक मोठी फट असते, जिथे तो गप्प होता. नंतर वरिष्ठ येतात, भिंत उतरवतात, कॅरीची नोकरी जाते. पण एका माणसाने कागद वाचलेले असतात.

"तिला झोपायला सांग, गोळी दे, काळजी घे, सगळं कर," ताई म्हणाली. "पण कागदही वाच ना."

माफी मी तेव्हा मागितली. फोनवरच, जरा अडखळत. "बरं बरं" म्हणून तिने विषय बदलला.

आता तिचा फोन आला आणि ती भराभरा बोलत असली तर गोळीचं मी विचारतो अजूनही. विचारायलाच हवं, तिनेच सांगितलंय. फक्त ते शेवटी. आधी विचारतो, "हं, सांग, काय दिसलं तुला?"

गेल्या रविवारी असाच फोन आला होता. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबात अकराशे रुपयांचा फरक आहे म्हणे. मी एक्सेल उघडून बसलो. अकराशे चाळीस निघाला. :)