ज्वारीच्या मागावर : आर्णी परिसरातील एक खाद्यशोध

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे तालुक्याचे गाव अरुणावती नदीच्या काठी आणि नागपूर-तुळजापूर महामार्गावर वसलेले असल्यामुळे तेथे खाण्याच्या दोन परंपरा शेजारी-शेजारी नांदतात. पहिली वाटसरूंची असून ती ढाबे, खानावळी आणि नाश्त्याच्या गाड्या यांच्या आधाराने चालते. दुसरी काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन आणि एके काळी भरपूर ज्वारी पिकवणाऱ्या घरांची असून तिचे पदार्थ कोणत्याही फलकावर लिहिलेले आढळत नाहीत. प्रादेशिक अन्नाच्या ओढीने येथे आलेला खवय्या पहिल्या परंपरेच्या दारातून आत शिरतो, मात्र दुसरीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला ऋतूची, सणाची आणि ओळखीपाळखीची वाट पाहावी लागते. अशाच एका खवय्याच्या अनुभवांची ही मांडणी असून, या परिसरातील बहुतेक पदार्थांचा माग अखेरीस ज्वारीपर्यंत जातो, हे त्याला हळूहळू कसे उमगत गेले, हा तिचा विषय आहे.

अशा शोधाची दृष्टी त्याला फिलिपिन्समधील लेखिका डोरीन फर्नांडेझ यांच्या लेखनातून मिळाली होती. फर्नांडेझ यांनी 1988 मधील ‘साराप’ आणि 1994 मधील ‘तिकिम’ या ग्रंथांतून आपल्या देशाचे अन्न अभ्यासाचा विषय म्हणून मांडले आणि त्यासाठी बाजार, कोळ्यांची वस्ती, गावजत्रा व ‘कारिंदेरिया’ यांना मोठ्या उपाहारगृहांइतकेच महत्त्व दिले. कारिंदेरिया म्हणजे शिजलेल्या पदार्थांची पातेली समोर मांडून ठेवणारी साधी खानावळ होय. ‘सावसावान’ या प्रथेकडेही त्यांनी वाचकांचे लक्ष वेधले : ताटाशेजारी शिरका, मिरची, मीठ वा माशांचा खारवलेला रस ठेवलेला असतो आणि जेवणारा त्यातून आपली चव स्वतः जुळवतो, त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्याच्या कामात त्याचाही वाटा असतो. आर्णीच्या खानावळीत बसलेल्या खवय्याला हा विचार फार उपयोगी पडला.

खानावळीत वऱ्हाडाची ओळख म्हणून हमखास पुढे येणारा पदार्थ म्हणजे पाटवडीचा रस्सा. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घट्ट शिजवून, ते ताटात थापून त्याच्या वड्या पाडल्या जातात आणि भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस व गरम मसाला यांच्या वाटणाचा पातळ, झणझणीत रस्सा वड्यांवर ओतला जातो. रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या थराला तर्री म्हणतात आणि ती कमी-जास्त मागून घेण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाईक बजावतो. ताटाशेजारी चिरलेला कांदा, लिंबू, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भुरका, म्हणजे तापलेल्या तेलात लसूण व लाल तिखट घालून केलेले तोंडीलावणे, एवढी सामग्री असते; तिच्या साहाय्याने एकाच पातेल्यातला रस्सा प्रत्येकाच्या ताटात वेगळा होतो. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजी पद्धतीचा प्रभाव आता महामार्गावर सर्वत्र दिसत असल्यामुळे बाहेरचा माणूस सगळ्या विदर्भाची चव तीच समजतो. परंतु घरोघरचे रोजचे जेवण त्याहून पुष्कळ सौम्य आणि धान्याला अधिक महत्त्व देणारे असते.

ही सौम्य बाजू खवय्याला ओळखीच्या घरांतून दिसली. गोळाभातात भरड दळलेल्या हरभरा डाळीचे मसालेदार गोळे भाताबरोबरच वाफवले जातात आणि पानात वाढल्यावर त्यांच्यावर हिंग-मोहरी-मिरचीची गरम फोडणी सोडली जाते. कण्या म्हणजे ज्वारीचा जाडसर भरडा. तो ताकात शिजवला की उन्हाळ्यात पोटाला थंडावा देणारे, भाजीशिवायही पुरणारे जेवण तयार होते. अंबाडीच्या आंबट पाल्याच्या भाजीतही तुरीच्या डाळीबरोबर याच कण्या पडतात, कारण त्या भाजीला दाटपणा देतात आणि आंबटपणाची धार कमी करतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर बांधावर उगवणारा तरोटा, ज्याला महाराष्ट्रात इतरत्र टाकळा म्हणतात, कोवळा असेपर्यंत खुडून लसणाच्या फोडणीवर परतला जातो आणि भाकरीबरोबर खाल्ला जातो. भाद्रपदात ज्येष्ठा गौरी, म्हणजेच विदर्भातील महालक्ष्म्या, घरी येतात तेव्हा पुरणपोळी आणि सोळा भाज्यांच्या नैवेद्यात ज्वारीच्या पिठाची आंबीलही मानाने वाढली जाते. रोजच्या कष्टाचे अन्न आणि देवीपुढचा नैवेद्य या दोन्ही ठिकाणी एकच धान्य आढळले, तेव्हा खवय्याच्या शोधाला निश्चित दिशा मिळाली.

आर्णी, दिग्रस, पुसद या पट्ट्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी असून त्यांच्या वस्तीला तांडा म्हणतात. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणाऱ्या या समाजाचे एक मोठे श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांची समाधी, शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी येथे आहे. तांड्यावर ज्वारीच्या भाकरीला बाटी म्हणतात. सणाच्या निमित्ताने गुळाची लापशी होते आणि बोकड कापला जातो तेव्हा सळोई शिजते. सळोई म्हणजे बोकडाचे रक्त, आतडी आणि इतर अवयव कांदा-मिरचीबरोबर शिजवून केलेला पदार्थ होय. फिलिपिन्समध्ये ‘दिनुगुआन’ नावाचा याच जातीचा पदार्थ डुकराचे रक्त व मांस शिरक्यात शिजवून करतात आणि तो तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्यांबरोबर खातात. तेथे तो घरी होतो तसा खानावळीतही उघडपणे विकला जातो. सळोईला मात्र महामार्गावरच्या एकाही फलकावर जागा मिळालेली खवय्याला दिसली नाही. कष्टकऱ्यांच्या घरी प्राण्याचा कोणताही भाग वाया न घालवण्याची जी शिस्त असते, तिच्यातून हे दोन्ही पदार्थ जन्मले आहेत, आणि त्यांच्याकडे नाक मुरडण्याऐवजी आदराने पाहिले पाहिजे, असे त्याचे ठाम मत तांड्यावर जेवतानाच बनले.

एकत्र जेवण्याच्या प्रथा हा या खाद्यजीवनाचा तिसरा भाग होय. आर्णी येथील बाबा कंबलपोश यांचा दर्गा हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांच्या भाविकांचे ठिकाण असून बाबांच्या नावाने भरणाऱ्या यात्रेत भजी, शेव आणि जिलबी यांच्या दुकानांसमोर सगळे गाव एकत्र येते. शेतशिवारात याला समांतर अशी प्रथा रोडग्यांची आहे. गव्हाच्या पिठाचे, आत तेलाचे पदर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जातात, राख झटकून कुस्करले जातात आणि तुरीचे वरण, वांग्याची भाजी व तूप यांच्यासह पंगतीत वाढले जातात. नवस फेडण्यासाठी किंवा पीक घरी आल्यावर मारुतीच्या देवळाजवळ होणाऱ्या या जेवणात भाजणे, कुस्करणे आणि वाढणे ही कामे बहुधा पुरुष करतात. घरातल्या रोजच्या व्यवस्थेत असा पालट घडवून आणणे हे या पंगतीचे मोठे सामाजिक वैशिष्ट्य मानावे लागेल.

या सर्व अनुभवांना जोडणारी ज्वारी मात्र शेतातून झपाट्याने मागे हटली आहे. 1964 मध्ये सीएसएच-1 हे संकरित वाण प्रसारित झाले. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे, म्हणजे याच पट्ट्यातले व बंजारा समाजातले होते, आणि टंचाईच्या त्या काळात त्यांनी संकरित ज्वारीचा जोमाने पुरस्कार केल्यामुळे उत्पादन वाढले. परंतु लवकर पक्व होणारे हे दाणे परतीच्या पावसात सापडून काळे पडत आणि त्यांना भाव मिळत नसे. पुढे सोयाबीनने कमी काळात रोख पैसा दिला, रानडुकरांचा आणि पाखरांचा उपद्रव ज्वारीला अधिक जाणवू लागला, तसेच ट्रॅक्टर आल्याने बैल कमी झाले आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या कडब्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या धाटांची, गरजही उरली नाही. स्वस्त गहू आणि तांदूळ रेशनवर मिळू लागल्याने रोजच्या पानातही पोळी व भात यांनी भाकरीची जागा घेतली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांत ज्वारीचे लाडू आणि पोहे आकर्षक वेष्टनांत विकले जाऊ लागले. पण ज्या घरांनी शतकानुशतके कण्या शिजवल्या, त्यांना ज्वारी विकत आणावी लागते, ही विसंगती आर्णीच्या बाजारात ठळकपणे दिसते.

म्हणून या खाद्यशोधाचा निष्कर्ष केवळ रुचीपुरता राहत नाही. पदार्थ टिकवायचा असेल तर त्याच्या पाककृतीची नोंद पुरेशी नसते; त्याचे धान्य पिकवणाऱ्याला परवडले पाहिजे आणि तो पदार्थ पैसे देऊन खाणारे गिऱ्हाईक गावातच असले पाहिजे. महिला बचत गटांनी तालुक्याच्या ठिकाणी ताकातल्या कण्या, अंबाडीची भाजी व भाकरी यांची साधी खानावळ चालवली, महामार्गावरच्या ढाब्यांनी आपल्या फलकावर पाटवडीच्या खाली बाटी आणि सळोई ही नावे संकोच न बाळगता लिहिली आणि ज्वारीला खात्रीचा भाव मिळाला, तर वाटसरूंच्या आणि घरांच्या या दोन परंपरांमधले अंतर कमी होऊ शकेल. खवय्याची जबाबदारीही यातच येते : नागपूर-तुळजापूर मार्गावर जेवायला थांबणाऱ्या प्रत्येकाने पोळीऐवजी भाकरी मागावी आणि ती ज्वारीचीच असावी असा आग्रह धरावा, कारण मागणी असलेले पीक शेतकरी बांधापलीकडे सहसा जाऊ देत नाही.