एक्सल निघायला हवा

रायपूर, तात्यापारा
मृगाचा पहिला आठवडा

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

स्प्लेंडरची चाकं यंदा घरीच उतरवणार, हे वाचून आनंद झाला. एक्सलला ग्रीस कशासाठी लावायचं, हा तुझा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. चाक फिरतं म्हणजे एक्सलही फिरत असणार, असं पुष्कळांना वाटतं. तो फिरत नाही. नट आवळला की कॉलर, बेअरिंगची आतली कडी, मधली स्पेसर नळी आणि पलीकडच्या बेअरिंगची आतली कडी ओळीने दाबली जातात आणि जागच्या जागी राहतात. फिरते ती बेअरिंगची बाहेरची कडी, हबबरोबर. तेव्हा चाक हलकं पळावं म्हणून हे ग्रीस नसतं. एक्सल गंजू नये आणि पुढच्या वेळी सरळ बाहेर यावा, एवढंच त्याचं काम.

आपल्या शहरात ते काम मोठं आहे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, उरला-सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ गच्च्यांवर बसते तशी गाड्यांवरही बसते, आणि जूनच्या मध्यापासून पावसाचं पाणी त्या धुळीला घेऊन फटीफटीत शिरतं. एक्सल आणि स्पेसर नळी यांच्यात पाणी अडकलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे केसभर मोकळीक होती ती भरून जाते आणि एक्सल जाम होतो.

हे कळतं ते नेमकं पंक्चर झाल्यावर. ट्यूबचा टायर, बिलासपूर रस्ता, वर पाऊस, आणि पंक्चरवाला नट काढून एक्सलवर हातोडा घालतोय. दोन-चार घावांत टोकाचे आटे चेपतात. मग एक्सल निघाला तरी नट पुन्हा नीट बसत नाही. ग्रीसच्या एका पातळ थराने हे सगळं टळलं असतं. त्या पंक्चरवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढे दुसरा उपाय नसतो.

गाडीच्या आसात गोळ्यांचं बेअरिंग घालायची कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉनने 1794 मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते घोडागाड्यांसाठी. 1869 मध्ये पॅरिस-रूआँ सायकल शर्यत जेम्स मूरने जिंकली, तेव्हा त्याच्या चाकांत सुरिरे यांची बेअरिंग होती. ग्रीसची गोष्ट त्यामानाने अलीकडची. चुन्याच्या साबणावर बनलेलं जुनं ग्रीस पाण्याला टिके, पण तापलं की पातळ होई. क्लॅरेन्स अर्ल यांनी 1942 मध्ये लिथियम ग्रीसचं पेटंट घेतलं. ते पाणी आणि उष्णता दोन्ही सोसतं. दुकानात ‘एपी-थ्री’ मागितलंस की बहुधा याच जातीचा डबा हातात येईल.

आता कामाचं. गाडी मेन स्टँडवर. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना कुठे आहेत ते आधी लिहून ठेव, नाहीतर चाक तिरकं बसेल. एक्सल काढल्यावर रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, गंजाचे डाग बारीक पॉलिश पेपरने घालवायचे आणि सपाट लादीवर लोळवून पाहायचा. वाकडा असेल तर तो लगेच उड्या मारतो. असा एक्सल सरळ करत बसू नये, नवा घ्यावा.

मग बोटाने ग्रीस चोळायचं, धातूचा रंग खालून दिसत राहील इतकंच. आटे कोरडे ठेव. नट किती आवळायचा याचा पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लागलं तर तेवढ्याच जोरात ताण कितीतरी वाढतो. आणि ड्रमच्या बाजूला हात पुसल्याशिवाय जाऊच नकोस! जादा ग्रीस ओघळून ब्रेक शूजवर गेलं तर ब्रेक लागणार नाही. या बाबतीत कंजूषपणाच बरा.

बेअरिंग मात्र रॉकेलने धुऊ नकोस, आतलं ग्रीस निघून जातं. आतल्या कडीत बोट घालून फिरव. खरखर लागली, तर वरून कितीही ग्रीस लावलं तरी उपयोग नाही, ते बदलायलाच हवं.

चाक बसवल्यावर ब्रेक प्लेटची टॉर्क लिंक जोडली का, तिची पिन घातली का, हे दोनदा बघ. पहिली फेरी गल्लीतच, ब्रेक दाबून पाहत. त्यानंतरच चौबे कॉलनीकडे निघ, आणि तिथे पोचल्यावर एक्सलच्या नटाला पुन्हा पाना लावून बघ. बेअरिंग कसं निघालं ते कळव.

तुझा,
मामा