धावरं

आईच्या पायावर डॉक्टरांनी निळ्या बॉलपेनने रेघ मारली, तेव्हा माझं मायक्रोबायॉलॉजीचं एमएस्सी पूर्ण होऊन दीड वर्ष झालं होतं. हे आधीच सांगून टाकतो.

जुलैचा शेवट होता. मावळात आमच्याकडे भाताची आवणी सुरू असते, तेव्हा बायका दिवसभर चिखलात अनवाणी उभ्या असतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणं याला कुणी आजार म्हणत नाही. कातडी पांढरी पडते, सुटते, खाजते. रात्री तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा चिखलात. आईने फोनवर सहज सांगितलं आणि मी पुण्याहून येताना मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुकानदाराने दिली, मी घेतली. तिच्यात बुरशीचं औषध होतं, अँटिबायोटिक होतं आणि स्टेरॉइडही होतं. सगळं मागे छापलेलं असतं. मी वाचलं नाही. दोन दिवसांत खाज थांबली, आई खूश. स्टेरॉइडचं कामच ते, खाज आणि लाली दाबून टाकायची. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. बेचक्यातल्या भेगा तशाच उघड्या राहिल्या.

पुढच्या शनिवारी रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. सकाळी पाहिलं तर पाऊल ते अर्धी पोटरी लाल, तुकतुकीत, हाताला चटका बसेल इतकी गरम. आजीला नीट दिसत नाही. तिने हाताची पालथी बाजू पायावर फिरवली, फोड आहेत का ते चाचपलं (असते तर ती नागीण म्हणाली असती) आणि विचारलं, “जांघंत अवधाण आलंय का गं?” आई हो म्हणाली. “मग धावरं हाय हे.” आणि ती गेरू उगाळायला बसली.

“आजी, धावरं-बिवरं काही नसतं. साधं इन्फेक्शन आहे,” मी म्हणालो. तापाची गोळी दिली, ट्यूब पुन्हा लावायला सांगितली, संध्याकाळपर्यंत बघू म्हणालो. संध्याकाळी लाली गुडघ्याच्या खाली चार बोटांवर आली होती. तो अख्खा रविवार मी घालवला.

सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आधी गेरूवर वैतागले. त्या लालीखाली खरी लाली कुठे संपते तेच दिसेना. पाय धुवून घेतला, लालीच्या कडेने पेन फिरवलं आणि रेघेशेजारी वेळ लिहिली : ११.२०. मग त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त आहे का, आणि दाबल्यावर कातडीखाली करकर लागते का. ते का बघत होते हे मला कळलं आणि पोटात गोळा आला. जंतू स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत उतरले की ऊती मरायला लागतात, मग तासांचा हिशेब असतो आणि औषधाआधी चाकू लागतो. तसं काही नव्हतं.

“सर, स्वॅब पाठवूया ना कल्चरला?” मी अखेर माझं शिक्षण बाहेर काढलं.

“कशाचा घेऊ? पू कुठंय?”

बरोबर होतं. अशा पायातून कल्चरला बहुतेक वेळा काही वाढतच नाही. मी ज्या दोन जंतूंबरोबर दोन वर्षं काढली होती, त्यांतला एक बहुधा समोर होता आणि मला तो दाखवता येत नव्हता.

हे दोघे स्वभावाने अगदी उलटे. स्टॅफायलोकॉकस ऑरियस आपल्यातल्या साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात मुकाट राहतो. ॲलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश सर्जनने १८८०च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्यात द्राक्षांच्या घोसासारखे गोळे दिसले, त्यावरून हे नाव. हा कोॲग्युलेज सोडतो, त्याने रक्तद्रव गोठतं. लॅबमध्ये आम्ही नळीत सशाचा प्लाझ्मा घेऊन हेच बघायचो : नळी तिरकी केली तरी आतलं हलत नाही. शरीरात तो असाच स्वतःभोवती भिंत बांधून बसतो. केसतोड, गळू, काळपुळी सहसा याचीच. त्यात पू धरतो, तोंड येतं, चिरा देऊन निचरा करता येतो.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसला भिंती नको असतात. त्याचं एक एन्झाइम पेशींमधलं हायलुरॉनिक ॲसिड तोडतं. हो, तेच, तुमच्या सीरमच्या बाटलीवर लिहिलेलं. दुसरं, स्ट्रेप्टोकायनेज, रक्ताच्या गुठळ्या विरघळवतं. हार्ट ॲटॅकच्या पेशंटला ते इंजेक्शन म्हणून देतात. वाट अडवणारं सगळं मोडत हा कातडीखालून पसरत जातो. चिखल्यांची एक भेग त्याला आत शिरायला पुरते.

म्हणजे गळू बसून राहतं आणि धावरं धावतं. इरिसिपेलस या ग्रीक नावात नुसता लाल कातडीचा उल्लेख आहे. आयुर्वेदातला विसर्प आणि आजीचं धावरं, दोन्ही नावांत त्याची चाल आहे. डॉक्टरांनी कागदावर सेल्युलायटिस लिहिलं. पुस्तकात धावरं त्याहून वरच्या थरातलं आणि ठळक कडेचं असतं, पण खऱ्या पायावर दोघांची हद्द डॉक्टरांनाही सहज सांगता येत नाही. आजीचा गेरू चुकलाच, त्याची तरफदारी मी करणार नाही. पण रोग तिने ओळखला होता, आणि डॉक्टरांची रेघही तेच मोजत होती : धावतंय की थांबलं?

शिरेतून पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सुरू झालं. स्टॅफ या कुळाला केव्हाच सरावलाय. १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणाऱ्या जातीची ब्रिटनमधून नोंद झाली. स्ट्रेप पायोजेनिस मात्र इतक्या वर्षांत पेनिसिलिनला तोंड द्यायला शिकलेला नाही. का, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. त्या रात्री मला ते नकोही होतं.

मंगळवारी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं पुढे होती.

मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ते चहा पीत होते. “ताप किती?” उतरला होता. “जेवली?” अर्धी भाकरी. “मग पाय उशीवर उंच ठेवा आणि गप बसा.” पहिल्या दिवशी औषध लागू पडत असूनही लाली थोडी सरकते, हे मी परीक्षेत लिहिलेलं असणार. बुधवारी ती रेघेच्या आत आली. शुक्रवारी कातडीला सुरकुत्या पडल्या, कोंडा सुटायला लागला. इतकी सुंदर सुरकुती मी पाहिलेली नाही.

घरी आल्यावर आजीला म्हणालो, “धावरंच होतं.”

“मंग काय सांगत हुते?” ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

तो पाय अजून संध्याकाळी थोडा सुजतो. एकदा झालेलं पुन्हा होऊ शकतं आणि ते बेचक्यांतूनच शिरतं, म्हणून यंदा नुसतं बुरशीचं मलम आणलं, मागचं सगळं वाचून. गमबूटही नेले होते. ते चिखलात रुतून बसतात, आईने दुसऱ्याच दिवशी बांधावर काढून ठेवले. आता आवणीच्या दिवसांत रोज रात्री नऊला तिचा व्हिडिओ कॉल येतो. चेहरा दिसतच नाही. फोन थेट पायाकडे नेलेला असतो, एकेक बोट फाकवून ती विचारते, “बघ रं, कोरडं हाय का?”